पाच शिल्लक

गुरुवार, ४ जानेवारी १९७३

आज टाळकं असं सटकलंय की नीलम्मानं वाढलेलं ताट तसंच सरकवलं. ऑडिट येणार म्हणून हेडक्लार्कनं हुकूम काढला: साखर कारखान्याच्या मालकीची प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढली पाहिजे आणि वस्तूवर नंबर पाहिजे. खुर्च्यांवर नंबर, बादल्यांवर नंबर, पाणी प्यायच्या पेल्यांवर नंबर. ठीक आहे. पण हा शहाणा माझ्या हत्यारखोलीत येतो आणि म्हणतो, "वीरप्पा, पिस्तुलाला कंपनीचा नंबर आहे, पण हे मॅगझिन सुटं निघतंय. सुटी वस्तू म्हणजे वेगळी नोंद. ठोका नंबर."

मी सांगितलं, बाबा, मॅगझिन म्हणजे बादली नव्हे. पातळ पत्र्याची चपटी नळी ती. आत आठ गोळ्या एकावर एक बसतात, खाली स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर पत्र्याचा तुकडा, त्याला आम्ही प्लॅटफॉर्म म्हणतो. तो गोळ्या वर ढकलतो, म्हणून एक वाजली की दुसरी आपोआप चेंबरमध्ये, बार उडतो त्या खणात, जाते. रंगानं लिहू का? तर म्हणे रंग पुसतो, मागच्या साली बादल्यांचा पुसला, ऑडिटरनं शेरा मारला.

शेवटी ठोकला. दिसायला वाईट नको म्हणून खाली, बुडापासून अडीच बोटांवर. चारशे सतरा. पंच आणि हातोडी, तीन ठोके. अठरा वर्षं फौजेत हत्यारं सांभाळली, आर्मरर नाईक म्हणून पेन्शनीत आलो, आणि इथं या लोकांना हत्यार आणि पेला यांतला फरक शिकवत बसायचं.

मंगळवार, ९ जानेवारी

गाळप यंदा लवकर बंद. ऊसच नाही तर गाळणार काय? कारखान्याच्या माळावर गुरांची छावणी उघडली, पंधराशे जनावरं आली. लांडगे माळावर उतरायला लागलेत, त्यांनाही पाणी नाही. म्हणून चेअरमन तात्यारावांनी हुकूम दिला की छावणीच्या रखवालदाराला पिस्तूल द्या. बारा बोअरच्या तिन्ही बंदुका गोदामावर अडकल्यात.

रखवालदार म्हणजे सिदू. धनगराचा, अठ्ठावीसएक वर्षांचा, कमी बोलणारा. मला मामा म्हणतो. त्याचं नाव परवान्यात घालून घेतलं, आठ दिवस शिकवलं. मी लाकडाच्या आठ नकली गोळ्या तासल्यात, त्यांच्यावर शिकवतो.

पिस्तूल द्यायच्या आधी सगळं खोललं. मॅगझिनच्या ओठात, वरच्या दुमडलेल्या कडांत, अजून कुंकू! खंडेनवमीला चेअरमनच्या घरच्यांनी पूजा केली तेव्हा हळदकुंकू तर टाकलंच, वर चांगली पळीभर तेल ओतलं. तेव्हाच दोन दिवस पुसत बसलो होतो. कितीदा सांगायचं, मॅगझिनच्या आत तेल घालायचं नसतं! तेलाला धूळ चिकटते, धुळीचा चिखल होतो आणि प्लॅटफॉर्म आळसावतो. तेल गोळीच्या बुडात शिरलं तर गोळी मरते. आतून कोरडं पुसायचं, बास. ओठ वाकलेत का बघायचं, स्प्रिंग ताणून बघायची.

मग खड्ड्यात चाचणी. नेहमीसारख्या तीन गोळ्या घातल्या, तीन वाजल्या. वर्षाला पन्नास गोळ्यांचा कोटा, चाचणीत आठ-आठ उडवून कसं भागेल? तीनच्या वर मी कधी जात नाही. तात्याराव मागच्या सभेत म्हणालेसुद्धा, वीरप्पासारखी काटकसर सगळ्यांनी केली तर कारखाना वर येईल. तेवढं एक बरं बोलले.

सोमवार, २२ जानेवारी

सिदूनं आज सकाळी सकाळी डोकं फिरवलं. येऊन उभा राहिला, एक पाय दुसऱ्या पायावर घासतोय.

"मामा, रागावू नगा. सकाळच्याला गोळ्या उतरिवताना तीन भाईर येत्यात, चवथी येत न्हाय."

मी म्हणालो, "बाहेर येतात म्हणजे? कशा उतरवतोस तू?"

"स्लाइड वढून वढून काढतो की."

मग मी जे तोंड सोडलं! आठ दिवस काय शिकवलं याला? गोळ्या उतरवायच्या म्हणजे आधी मॅगझिन काढायचं, मग अंगठ्यानं एकेक सरकवायची. स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, तो ओढून रोज रोज त्याच गोळ्या चेंबरमध्ये आपटल्या की टोकं आत दबतात, ओठ झिजतात. म्हणालो, तुझ्या हातात फावडंच बरं. गेला मान खाली घालून. या लोकांना नीट सांगितलेलं एक ऐकायला नको.

शनिवार, ३ फेब्रुवारी

सिदू पुन्हा. आज काम सुटल्यावर घरी आला. म्हणे, "अंगठ्यानं काढली तरी तसंच हुतंय मामा. तीन निघाल्या की बाकीच्या खालीच बसत्यात. बुडाला थापटी मारली की मग वर येत्यात. एकडाव बघा की."

मी म्हणालो, "नऊ तारखेला मी स्वतः झाडून बघितलंय. वाजलं का नाही?"

"वाजलं."

"मग? माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं? फौजेत किती वर्षं होतास रे तू?"

नीलम्मा आतनं म्हणाली, "एनरी, अहो, ऐकून तरी घ्या त्याचं." तिच्यावरही ओरडलो, तुला हत्यारातलं काय कळतं म्हणून. स्वयंपाकघरातनं हत्यारं चालवायला लागली आता. सिदू चहा न पिताच गेला. कप भरून ठेवला होता तिनं.

उगाच चिडलो का? एकदा उघडून बघायला काही हरकत नव्हती. पण एकदा नमतं घेतलं की रोज कुणीतरी शिकवायला येणार. सोमवारी बघू म्हटलं. (सोमवारी गोदामाच्या बंदुकीचा घोडा मोडला, राहून गेलं.)

शनिवार, १७ फेब्रुवारी

काय लिहू.

दिवस मावळायच्या वेळेला, गुरं हौदावर असताना, पिसाळलेला लांडगा छावणीत शिरला. तोंडाला फेस, चाल वाकडी, सगळ्यांनी बघितलं. मुक्ताबाई तिकडं शेण उचलत होती, साठीची म्हातारी. सिदूनं दोन बार हवेत काढले, लांडगा हटला नाही. तिसरा त्याच्यावर काढला, तो मातीत गेला. आणि मग हा पठ्ठ्या थांबला! लांडगा म्हातारीच्या दंडाला लोंबकळतोय आणि हा पिस्तूल हातात धरून उभा. शेवटी कुऱ्हाडी घेऊन लोक धावले, त्यांनी मारला.

मी पोचलो तेव्हा पिस्तूल धुळीत पडलेलं. उचललं. चेंबर रिकामं, मॅगझिनमध्ये पाच. पाच गोळ्या शिल्लक! पाच गोळ्या घेऊन हा उभा राहिला आणि म्हातारीला लांडगा फाडतोय!

सिदू म्हणतो, "वाजलंच न्हाय मामा." दुसरं काही बोलत नाही. भ्यालेला माणूस आणखी काय बोलणार.

मुक्ताबाईला जीपमधनं जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. पोटात चौदा सुया, रोज एक. लागू पडल्या तर पडल्या.

रविवार, १८ फेब्रुवारी

तात्याराव आणि दोन संचालक, चौकशी समिती. रविवार असून बसले. गावोगावचे सभासद येऊन बोंब मारत होते, आमची गुरं कुणाच्या भरवशावर सोडली म्हणून. मला म्हणाले, हत्यार तपासा आणि लेखी द्या.

सगळ्यांच्या देखत तपासलं. ओठ सरळ. स्प्रिंगला जोर. वर धूळ, पुसली. तीन गोळ्या घातल्या, खड्ड्यात झाडल्या, तिन्ही वाजल्या. लिहून दिलं: "हत्यार पूर्ण चालू स्थितीत. दोष हत्याराचा नसून वापरणाराचा." खाली सही, हुद्दा, तारीख. नंतर पिस्तूल, मॅगझिन आणि त्या पाच गोळ्या कापडात बांधून लाख लावली, चौकशी संपेपर्यंत.

एक गोष्ट डोक्यातनं जात नाही. तिसरी वाजल्यावर चौथी आपोआप चेंबरमध्ये गेली पाहिजे होती. मग चेंबर रिकामं का? पण घाबरलेला माणूस काय वाटेल ते करतो, मॅगझिन काढलं असेल, परत घातलं असेल. तो धड सांगत नाही तर मी काय ज्योतिष बघू? आणि पिस्तूल जमिनीवर टाकून दिलं होतं त्यानं. हत्यार टाकणाऱ्याला फौजेत काय शिक्षा असते ते याला ठाऊक नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

सिदूला काढला. कागदात लिहिलं: हत्यार चालू आणि पाच गोळ्या शिल्लक असताना भीतीपोटी वापरलं नाही आणि टाकून दिलं. माझी चिठ्ठी सोबत जोडली. ऑफिसच्या पायरीवर सगळ्यांच्या समोर वाचून दाखवलं, छावणीतले दीडदोनशे लोक उभे. सिदू ऐकून घेऊन निघाला. माझ्याकडं बघितलं नाही.

काढलं ते ठीकच. मग मला का गुस्सा येतोय कळत नाही. जेवताना नीलम्माला म्हटलं बोल काय बोलायचं ते. म्हणाली, "मी काय बोलू? मला हत्यारातलं काय कळतं?" माझंच वाक्य माझ्या ताटात वाढलं.

सोमवार, ५ मार्च

मुक्ताबाईच्या चौदा सुया परवा पुऱ्या झाल्या. आज ती थेट हत्यारखोलीच्या दारात आली. पोट धरून चालते, दंडाला फडकं. उंबऱ्यावर बसली आणि सुरू झाली.

"वीरप्पा, माझी जबानी कुणी घेतली न्हाय. लांडगा मला चावला का तुमच्या चेअरमनला? मला इचारा की काय झालं ते!"

मी म्हणालो, "बाई, तुम्ही घाबरलेल्या होता."

"व्हय, घाबरले हुते. भैरी न्हवते झाले! त्यानं वढलं, खट् वाजलं. पुन्यांदा मागं वढलं, पुन्यांदा खट्. आयाबाया हो, पळा म्हणून वरडला, पिस्तूल फेकून लांडग्याच्या टाळक्यात हाणलं. मग फावडं घिऊन आला त्यो. पैलं फावडं सिदूचं बसलं, कुऱ्हाडी मागनं आल्या. त्यो भ्याला म्हणून तुमी लिवलं? लाज वाटू द्या जरा."

मी हाकलली तिला. हो, हाकलली, साठ वर्षांच्या जखमी बाईला. पण ती गेल्यावर हातातलं काम होईना. दोनदा ओढलं, दोनदा खट्. म्हणजे दोनदा चेंबर रिकामं. हे ती कुठून रचणार? तिनं आयुष्यात पिस्तूल धरलेलं नाही.

गुरुवार, १५ मार्च

चौकशी बंद म्हणून लाख फोडून पिस्तूल मला परत दिलं. नवा रखवालदार आलाय, त्याला तयार करून द्या म्हणे.

दुपारी खोलायला बसलो. बुडाची पट्टी सरकवली, स्प्रिंग काढली, प्लॅटफॉर्म काढला, नळी कोरडी पुसली. प्लॅटफॉर्म नुसताच परत आत टाकला आणि पेन्सिलीनं हळूहळू सरकवला. खालून वर येताना एका जागी थांबला. जरा जोर दिला, सुटला. पुन्हा खाली नेला, पुन्हा वर आणला. त्याच जागी थांबला.

नळी खिडकीशी धरून आत बघितलं. आतल्या अंगाला पत्रा फुगलाय. बाहेरून बोट फिरवलं. बोटाखाली सात लागला. चारशे सतरातला सात.

सगळं जोडून माझ्या लाकडी आठ गोळ्या घातल्या. शिकवतानाही एकावेळी दोन-तीनच घालत होतो, पहिल्यांदाच आठ घातल्या मी त्यात. स्लाइड ओढली: एक, दोन, तीन बाहेर. चौथ्यांदा ओढली, काही नाही. घोडा दाबला, खट्. मॅगझिन काढून बघितलं तर पाच गोळ्या खाली दबा धरून बसलेल्या. बुडाला थापटी मारली. पाची वर आल्या.

दहा वेळा केलं. आठ वेळा तेच.

तीन गोळ्या घातल्या की प्लॅटफॉर्म त्या फुगवट्याच्या वरच राहतो. मी कधी आठ घातल्याच नाहीत. सिदू रोज आठ घालत होता. आणि फेकलेलं पिस्तूल जमिनीवर आपटलं, अडकलेलं सुटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी माझ्या हातात सगळं गुणी निघालं.

आधी हेडक्लार्कला शिव्या घातल्या. मग ऑडिटरला. मग बोट पुन्हा त्या सातावर गेलं. हातोडी कुणाच्या हातात होती? दोनदा दारात आलेल्याला कुणी हाकललं? मूर्खा वीरप्पा, बुडाची पट्टी सरकवायला अर्धं मिनिट लागतं!

शुक्रवार, १६ मार्च

तात्यारावांच्या टेबलावर सगळं करून दाखवलं. तीन निघाल्या, चौथी नाही. त्यांनी नीट बघितलं, चष्मा लावून बघितलं. मग म्हणाले, "वीरप्पा, कानशीनं घासून टाका आतून."

"आणि सिदू?"

"त्याचा कागद बंद झाला. तुमच्याच सहीनं बंद झाला. आता उघडला तर सभासद विचारतील, मग म्हातारी कुणाच्या चुकीनं फाडली? कारखान्याच्या? का तुमच्या? तुम्ही जुनं माणूस. नाहक कशाला स्वतःच्या अंगावर ओढून घेता?"

मला सांभाळून घेतल्यासारखं बोलत होते. च्यामायला, त्याचीच जास्त चीड आली. त्यांनी खडसावलं असतं तर मी उलट बोललो असतो. त्यांनी मायेनं पाठीवर हात ठेवला आणि मी "बघतो" म्हणून बाहेर आलो. बघतो! अठरा वर्षांच्या फौजेचा हा निकाल.

मंगळवार, २० मार्च

नियम मोडला. मॅगझिन खिशात घालून कारखान्याच्या बाहेर गेलो, रजिस्टरात नोंद न करता. सोबत लाकडी गोळ्या. पिस्तूल खोलीतच कुलपात ठेवलं.

सिदू रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडतोय, बायकोसकट. तीन मैल चालत गेलो. ऊन असं की डोळे उघडेनात. सुकडी वाटायची वेळ होती, माणसं रांगेत. लांबनं कुणीतरी ओरडलं, "ए पाचशिल्लक, तुजं पाव्हनं आलं बग!" सगळी हसली. सिदूनं मान वर केली, तेव्हा मला कळलं की याला आता याच नावानं हाक मारतात. माझ्या चिठ्ठीवरून समितीनं जे वाचून दाखवलं, त्यातलं हे. त्याच्या बायकोनं पदर तोंडावर ओढला.

मी खडीच्या ढिगावर चढलो. म्हटलं, सगळ्यांनी इकडं या. आठ गोळ्या सगळ्यांना दाखवून मॅगझिनमध्ये घातल्या. अंगठ्यानं एकेक वर सरकवून काढली. एक. दोन. तीन. मग मॅगझिन उलटं धरलं, हलवलं. चौथी नाही. समोरच्या बाईच्या हातात दिलं, म्हटलं काढ बाई. तिला निघेना. मुकादमाला निघेना.

"हा आकडा दिसतोय? हा मी ठोकला. माझ्या ठोक्यानं हे अडकतंय. सिदूनं घोडा दाबला होता. दोनदा दाबला होता. तो भ्यालेला नव्हता. त्यानं मला आधी दोन वेळा येऊन सांगितलं होतं आणि मी त्याला हाकलला होता. चिठ्ठी खोटी आहे आणि सही माझी आहे."

कुणी हसलं नाही. सिदू पुढं आला. माझ्या हातातनं मॅगझिन घेतलं आणि सवयीनं बुडाला एक थापटी मारली. पाची गोळ्या वर आल्या. परत माझ्या हातात दिलं.

"म्या हेच सांगाय आलो हुतो," म्हणाला. नुसतं एवढंच. मामा म्हणाला नाही.

मी विचारलं, परत येतोस का, मी भांडतो. म्हणाला, "नगं. फकस्त जिथं वाचलं तिथं परत वाचा. माझी बायको त्या पायरीम्होरं उभी हुती." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "तुमी तीनच का घालून बघितल्या?"

काय सांगू त्याला? पाच गोळ्या वाचवत होतो म्हणून? दर चाचणीला पाच. सभेत शाबासकी मिळायची त्याची. खडीवरनं उतरताना पाय सरकला, त्यानंच दंड धरला.

शनिवार, २४ मार्च

आज बाजारचा दिवस, ऑफिससमोर माणसं होती. त्याच पायरीवर उभा राहिलो आणि दुसरी चिठ्ठी वाचली. पहिली जिथं जोडली होती तिथंच ही जोडा म्हणून हेडक्लार्कच्या हातात दिली, पोच घेतली. मुक्ताबाई अगदी पुढं उभी होती. वाचून संपल्यावर म्हणाली, "पुन्यांदा वाचा, मागच्यांला ऐकू आलं न्हाय." पुन्हा वाचली, मोठ्यांदा.

तात्यारावांनी लगेच बोलावून हत्यारखोलीच्या किल्ल्या मागितल्या. टेबलावर मूठ आपटली. मला बरं वाटलं, खरं सांगतो. किल्ल्यांच्या कडीलाही नंबर आहे, तो रजिस्टरात खोडून सही केली. मॅगझिनच्या नोंदीपुढं लिहिलं: निकामी, कारण नंबर ठोकल्याने आत फुगवटा. ठोकणार: वीरप्पा.

नीलम्माला सांगितलं, पेन्शनीवर भागवावं लागेल. ती म्हणाली, "भागवू की." मग म्हणाली, "सिदूकडं जाऊन या एकदा. चहा राहिलाय त्याचा." थर्मास नाही आमच्याकडं, तिनं झाकणाच्या तांब्यात भरून दिला.

गेलो. चहा पार निवला होता. कामाच्या जागेच्या अलीकडं पोचलो तोच रांगेतनं कुणीतरी हाळी दिली, जुन्या सवयीनं, "ए पाचशिल्लक!"

सिदूनं हातोडा थांबवला नाही, वर बघितलं नाही.

"ओ," मी म्हणालो.